दिव्याचा रंग

"सिस्टर, हा दिवा कुठल्या रंगाचा असतो हो?"

सिस्टर गोंधळली. सरकारी दवाखान्याच्या या खोलीत बायका छताकडे बघत पडायच्या आणि झालं की खाली मान घालून निघून जायच्या. प्रश्नबिश्न कुणी विचारत नसे.

"निळा असेल."

"असेल?"

"मशीन सुरू केलं की मी भिंतीकडे तोंड करते ना, ताई. तुम्हाला अवघडायला नको."

डॉक्टर तर त्याहून सभ्य. ते पडद्यापलीकडेच बसत.

ताई दिव्यांच्या कारखान्यात तपासणीवर होती. पेटवून पाहिल्याशिवाय एकही दिवा पुढे सोडायचा नाही, हे अंगवळणी पडलेलं. अंगावरून पांढरं जाणं आणि ती जीव नकोसा करणारी खाज वर्षात पाच वेळा उलटली होती. गोळ्या झाल्या, मलमं झाली, म्हणून हा प्रकाशाचा नवा उपचार. घरी तिनं दाढेचं निमित्त सांगितलं होतं. सासूबाई रोज विचारत, "निघाली का गं एकदाची?"

आज आठवी खेप. फरक शून्य. हा उपचार घेणाऱ्या बाकीच्या दहाजणींनाही नाही. चाचणीपुरतं आलेलं मशीन उद्या परत जाणार होतं आणि खाज तेवढी ताईपाशी राहणार होती.

"आधी माझ्या तळहातावर धरा बघू."

सिस्टरनं बोटाएवढी नळी तिच्या हातावर धरली आणि बटण दाबलं. मशीन वाजलं, त्याच्यावरचे आकडे उलटे पळू लागले. तळहातावर काही नाही.

"खिडकीतून ऊन येतंय, म्हणून दिसत नसेल."

ताईनं नळीभोवती ओंजळ करून आत डोळा लावला. मिट्ट काळोख. तिला राग आला. ती उठून बसली, चादर कमरेला घट्ट गुंडाळली आणि नळी हातात घेऊन तिच्या काळ्या टोकाशी नखानं खुडबुड केली. असली रबरी टोपणं ती रोज शेकड्यांनी बघायची. प्रवासात काचेला धक्का लागू नये म्हणून घालतात, मग काढायची असतात.

टोपण निघालं. दोघींच्या तोंडावर, औषधांच्या कपाटावर, थेट छतापर्यंत निळा उजेड पडला.

"अगं बाई!" सिस्टर मटकन स्टुलावर बसली. "मी रोज तेच घासून-पुसून ठेवत होते."

ताईला हसूच आवरेना. डोळ्यांत पाणी आलं तरी आवरेना.

"झालं का, सिस्टर?" पलीकडून डॉक्टरांचा आवाज आला. त्यांचा अहवाल संपत आला होता. "उपयोग नाही, एवढंच लिहायचं राहिलंय."

"लिहू नका!" ताई ओरडली. "आधी इकडे येऊन बघा. या, लाजू नका, चादर घेतलीय मी."