देव्हाऱ्यातला नारळ

पाहुण्यांनी नारळ आणला नाही, हे शकुबाईच्या आधी तिच्या लेकीच्या, निकिताच्या लक्षात आलं.

मुलगी पाहायला माणसं कशी येतात, हे यवतमाळात शेंबडं पोरही सांगेल. पिशवीत नारळ असतो, कुंकवाची पुडी असते, काहीच नाही तर पेढ्यांचा पुडा असतो. यांच्या गळ्यात दुर्बीण होती. मुलगा, पियुष, जिकडेतिकडे खिसे असलेली मातकट पँट घालून सोफ्यावर ऐसपैस बसला होता. त्याचे वडील मोबाइलवर क्रिकेट बघत होते. पुण्याची माणसं, समोरच्या बबिताकाकूकडे उतरलेली.

काकूचा सकाळी फोन आला आणि घरात नुसती धांदल उडाली. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता. निकिताचे वडील भगवानराव तशा पावसात जाऊन बर्फी घेऊन आले, आणि आता नवा सदरा घालून शिंका आवरत बसले होते. शकुबाईनं भज्यांचा घाणा मांडला. निकितानं लोहारा एमआयडीसीतल्या ऑफिसात ऐन वेळी सुट्टी टाकली. साहेबाची बोलणी खाल्ली ती वेगळीच. खोटं कशाला बोला, तिनंही आज आरशासमोर जरा जास्तच वेळ घालवला होता. काकूनं पाठवलेल्या फोटोतला मुलगा तिला बरा वाटला होता.

"काकू, भजी भारी आहेत. अजून येऊ द्या," पियुष शकुबाईला म्हणाला आणि त्यानं ताटलीचा फोटो काढला. निकिताकडे त्यानं नाव विचारण्यापुरतं पाहिलं होतं.

"तुम्ही लोक इथे वेळ कसा घालवता गं?" त्याच्या आईनं विचारलं. "बघायला तर काहीच नाही."

"कामं असतात ना," निकिता म्हणाली. सकाळपासून ती शब्द अन् शब्द जपून, पुस्तकातल्यासारखं बोलत होती.

त्या बाईंचा फोन वाजला. गरम पाणी मिळेल का, असं विचारून त्या बाहेर वऱ्हांड्यात गेल्या. निकिता पेला घेऊन मागे गेली, तर बाईंची पाठ तिच्याकडे होती.

"हो गं, सफारी कॅन्सल. टिपेश्वरच्या जंगलात म्हणे गाड्या रुतताहेत. उद्या सोडतील. आत्ता? आत्ता एक मुलगी बघतोय." त्या हसल्या. "छे गं, पियुषचं कोथरूडचं स्थळ ठरल्यातच जमा आहे. बबिताला कुठे माहितीय? ती आपली मागेच लागली होती. म्हटलं चला, पावसात तेवढाच वेळ जाईल."

हातातलं गरम पाणी बाईंच्या पाठीवर ओतावं, असं निकिताला खरोखर वाटलं. मांजराचा खेळ होतो अन् उंदराचा जीव जातो म्हणतात. इथे तर मांजराला भूकही नव्हती. तिनं पेला कठड्यावर आदळला आणि ती तरातरा स्वयंपाकघरात गेली. आत्ताच्या आत्ता आईला सांगायचं आणि या लोकांना हाकलून द्यायचं.

शकुबाई देव्हाऱ्यासमोर उभी होती. देवापुढचा नारळ उचलून ती पदरानं पुसत होती.

"आई, हे काय करून राह्यली तू?"

"हळू बोल. एवढ्या पाण्यात त्याइले नारळ भेटला नसन कुठी. गुपचूप त्या बाईच्या हाती देतो, मंग ते तुह्या हातावर ठेवन. पोरीनं रिकाम्या हातानं उठू नये."

"आई, आयकून तं घे. ते लोकं..."

"बरे हायेत लोकं," शकुबाई म्हणाली. तिचा चेहरा चुलीजवळ बसल्यासारखा लाल झाला होता, आणि किती दिवसांनी तो असा हसरा होता. "पोट्टं मोकळं हाय. दोनदा भजे मांगून खाल्ले त्यानं."

निकितानं कोपऱ्यातला पाट उचलला. तिला पाहुण्यांचा आला नव्हता इतका राग आईचा आला, आणि मग स्वतःचा.

ती बाहेर येऊन पाटावर बसली. बाईंनी शकुबाईच्याच करंड्यातलं कुंकू तिला लावलं, आणि शकुबाईच्याच पदराआडून आलेला नारळ तिच्या हातावर ठेवला. "सुखी राहा हं," त्या म्हणाल्या. मागच्या चतुर्थीला निकितानंच त्या नारळाला लावलेलं कुंकवाचं बोट पुसूनही थोडं उरलं होतं.

भगवानरावांनी हात जोडले. "मंग, पुढचं कसं म्हणता?"

"कळवतो ना," पियुषचे वडील म्हणाले. तेवढ्यात खिडकीतून ऊन आलं. "अरे, उघडलं की. चला, चला."

सगळे एकदम उठले. बर्फीचा डबा फोडायचाही राहिला.

घरातली सगळी त्यांना पोचवायला फाटकापर्यंत गेली. पाहुण्यांना गावात एक चक्कर मारायची होती, गाडी तिथेच उभी होती. बाई पुढच्या सीटवर बसल्या. निकिता चिखलातून थेट त्यांच्या खिडकीपाशी गेली आणि तिनं नारळ त्यांच्या मांडीवर ठेवला.

"अगं, हा तर तुला दिलाय," बाई म्हणाल्या.

"निकिते," मागून शकुबाईचा घाबरलेला आवाज आला.

निकिता वळली नाही. सकाळपासूनचं पुस्तकी बोलणं तिनं तिथेच चिखलात टाकून दिलं.

"राहू द्या तुमच्याजवळ. उद्या वाघ पाहाले चालले ना तुमी? कोणाले पाहाले जाचं असन, तं रिकाम्या हातानं जाऊ नये."