मोडलेली सोयरीक

गावातल्या विहिरी आटल्या त्या उन्हाळ्यात अंगदची सोयरीक मोडली, तीही दूध संस्थेत, साऱ्या रांगेसमोर. संस्थेचे चेअरमन अर्जुनराव हेच त्याचे होणारे सासरे. त्यांनी त्याच्या किटलीत लॅक्टोमीटर सोडला आणि ते कडाडले, "दुधात पाणी! असल्या लबाडाला मी माझी मुक्ता देणार न्हाई!"

मापावर उभ्या असलेल्या मुक्तानं मान फिरवली, आणि अंगदचं काळीज तिथंच नासलं.

घरी येऊन तो डोक्यावरून गोधडी ओढून पडला.

"आई, मी आता जगत न्हाई," तो आतून म्हणाला.

"नको जगूस," बायनाबाई भाकरी थापत म्हणाली. "पण आधी म्हशीची धार काढ, मग काय मरायचं ते मर."

धार काढून, पुन्हा मरायच्या तयारीनं तो गोधडी ओढतोय तोच दारात अर्जुनराव उभे! एका हातात नारळ, दुसऱ्या हातात दोन रिकाम्या घागरी.

"जावईबापू, राग सोडा," घागरी अंगणात ठेवत ते लाडानं म्हणाले. "अख्खं गाव टँकरची वाट बघतंय, अन् तुमच्याकडं दुधात घालायला पाणी हाय, हे आधी सांगायचं न्हाई का?"