नाताळचे बूट

सबंध मोसमात त्यांच्या अमेरिकन फुटबॉल संघाने मार खाल्ला आणि देशातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी बोलावणं आलं ते एकट्या ऑगीला! ट्रेंटच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. चढाया रचणारा, बरगड्या मोडून घेणारा क्वार्टरबॅक तो. ऑगीचं काम काय, तर चढाई फसली की धावत यायचं, चेंडूला लाथ घालून तो लांब धाडायचा आणि स्वच्छ कपड्यांनी परत बाकावर बसायचं.

"लाथ तर आमच्या रँचवरचं खेचरही मारतं," लॉकर रूममध्ये ट्रेंट सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

ऑगी हसला. नाताळात क्वार्टरबॅकने आपल्याला सांभाळणाऱ्या धिप्पाड गड्यांना भेटी द्यायच्या, ही त्यांची रीत. ट्रेंटने सकाळीच त्या सगळ्यांना बूट वाटले होते. तसाच बुटांचा एक खोका ऑगीने आता त्याच्यापुढे ठेवला.

"मला कशाला रे?"

"ज्याच्या जिवावर आपलं नाव होतं, त्याला द्यायचं असतं ना?" ऑगीने त्याला घट्ट मिठी मारली.



"तुझ्या चढाया फसल्या नसत्या, तर मला मैदानात बोलावलं कुणी असतं?"