लेकीचं मत

“आई, मी सांगेन तिथेच शिक्का मारायचा. तुला पटो न पटो.” लेकीनं कालच बजावलं होतं, आणि मी तिला शब्द दिला होता.

आज घटनेतल्या बदलांवर देशभर मतदान होतं. या बदलांसाठी पोरं रस्त्यावर उतरली, तेव्हाच पोलिसांच्या छऱ्यांनी तिचे दोन्ही डोळे गेले. आता मतपत्रिकेवर तिच्या वतीनं शिक्का मारायला मी जाणार होते. पण त्याच बदलांबरोबर छरे झाडणाऱ्यांना माफीही मिळणार होती. तिला तरीही ‘हो’ म्हणायचं होतं. माझं मत ‘नाही’ होतं.

सकाळपासून जपात मन लागेना. तीनदा माळ खाली ठेवली, तीनदा उचलली.

“एवढा घोर कशाला लावून घेतेस?” हे दाराशी येऊन हळूच म्हणाले. “दोन्ही शिक्के ‘नाही’वर मार. तिला थोडंच दिसणार आहे?”

मी स्वयंपाकघरात गेले. माझा सोमवारचा उपास. ह्यांच्यासाठी केलेले पोहे ओट्यावर वाफाळत होते. सव्वीस वर्षांत या ओट्याशी कितीदा भुकेनं कासावीस झाले असेन, आणि बघायला कधीच कुणी नव्हतं. तरी दाणा तोंडात टाकला नाही.

“आई, निघायचं ना? की देव सोडत नाही तुला?” बाहेरून लेकीचा आवाज आला.

मी हात पुसले, पायात चपला सरकवल्या आणि तिचा हात माझ्या खांद्यावर ठेवला.

“आधी तुझं मत देऊ,” मी म्हटलं, “मग माझं.” आणि आम्ही जिना उतरू लागलो.