ताशी एकशे पन्नास

"एकशे चाळीस. ठोका देतेय," रेडिओवर वैमानिक प्रियदर्शनीचा आवाज आला.

मंगळवेढ्याच्या रस्त्यालगतच्या धावपट्टीवर, पत्र्याच्या शेडमध्ये ऋतुजा लॅपटॉपला डोळे लावून बसली होती. पाच हजार फुटांवर प्रियदर्शनीनं विमान वळवायच्या दांड्याला हातानं ठोका दिला. लांब, सडपातळ पंख थरथरला. पडद्यावरची रेघ उसळली आणि सेकंदाभरात सपाट झाली. ऋतुजानं आकडा टिपला.

वेग वाढतो तशी ही थरथर विरायला जास्त वेळ लागतो. मग एक वेग असा येतो की ती विरतच नाही. वाराच तिला बळ पुरवत राहतो आणि बघता बघता पंख मोडून पडतो. या नव्या विमानासाठी ऋतुजानं तो वेग काढला होता, ताशी दोनशे दहा किलोमीटर. आज फक्त एकशे ऐंशीपर्यंत जायचं होतं.

"एकशे पन्नास. ठोका."

रेघ उसळली. एक सेकंद गेला. दोन. तीन. चौथ्या सेकंदालाही ती थरथरतच होती. गणिताप्रमाणे दीड सेकंदात संपायला हवी होती.

"अजून साठ बाकी आहेत की," मागे उभा असलेला अमरेश म्हणाला. विमान त्याच्या कारखान्यात बनलं होतं, आणि ते विकत घ्यायला पुण्याहून आलेले पाहुणे बाहेर खुर्च्यांवर बसले होते. "एकशे साठला एकदा बघू. मग ठरवू."

ऋतुजानं मागे वळून पाहिलं नाही. तिनं रेडिओचं बटण दाबलं.

"प्रिया, वेग कमी कर. हळूहळू. माझं गणित चुकलंय."

खरखरीतून प्रियदर्शनीचा आवाज आला.

"कितीनं चुकलंय?"

"माहीत नाही. म्हणूनच उतर."

"बरं. एकशे तीस. एकशे दहा."

रेघ खाली बसली. ऋतुजानं श्वास सोडला, पण चाकं जमिनीला लागेपर्यंत ती खुर्चीवरून हलली नाही.

प्रियदर्शनी शेडमध्ये आली तेव्हा तिचे केस घामानं कपाळाला चिकटले होते. "दांडा हातात गुणगुणत होता," एवढंच ती म्हणाली आणि पाण्याची अख्खी बाटली प्यायली.

अमरेश पाहुण्यांशी बोलून परत आला, तोवर सिद्राम मिस्त्रीनं पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी काढून तिच्या बिजागरीवर तोलून धरली होती. ती आडवी राहायला हवी होती. तिची मागची कड खाली गेली.

"मागनं जड झालीय ही, पंखाला अजून हलवती," सिद्राम म्हणाला. "काल दोनी फळ्यांवर कंपनीचं नाव रंगवलं न्हाय का? दोन हात मारलेत. म्या म्हणलो व्हतो, परत तोलून बगू. सर म्हणले, रंगाला कसलं वजन असतंय."

अमरेशनं फळीवरच्या लाल अक्षरांवरून बोट फिरवलं.

ऋतुजानं फळी काट्यावर ठेवली. सत्तर ग्रॅम जास्त. तेवढंच वजन गणितात घालून तिनं ते पुन्हा चालवलं. चौघंही पडद्याकडे बघत उभे राहिले.

पंख मोडणारा वेग आता आला एकशे त्रेसष्ट.

अमरेशनं तो आकडा दोनदा वाचला. मग तो जवळच्या पिंपावर बसला.

"सिद्राम, पॉलिश पेपर दे इकडं," तो म्हणाला.

"मी घासतो की, सर."

"नको. मला दे."

फळी मांडीवर घेऊन तो नावाचं पहिलं अक्षर घासू लागला. लाल भुकटी त्याच्या पांढऱ्या पँटवर पडत राहिली.

"म्हणजे तुझं गणित बरोबरच होतं," प्रियदर्शनी ऋतुजाला म्हणाली. "मग सगळ्यांसमोर चुकलं कशाला म्हणालीस?"

"पंख ऐकत नव्हता. दुसरं कारण शोधत बसले असते, तर तू तोवर पुढं गेली असतीस."

प्रियदर्शनीनं तिचा हात घट्ट धरला. तेवढ्यात प्रियदर्शनीचा फोन वाजला. घरून आई होती, केसरबाई.

"हां आई. निघतेच आता. ऋतुजा पण येतीये, दोन भाकरी जास्त टाक." ती थोडा वेळ ऐकत राहिली. "आवाजाला काय झालंय? ... नाही गं. काही झालं नाही."