सहा वाजताची फुंकर

शिंप्याने फुंकर मारली आणि भोंगा वाजला.

फाटकाशी उभ्या रांगेतल्या माना टेबलामागच्या अधीक्षकांकडे वळल्या. श्वासात दारू सापडली की यंत्र ओरडायचे, म्हणून निवासातले सगळे त्याला भोंगाच म्हणत. तुरुंगातून अटीवर सुटलेल्या, दारू सोडलेल्या माणसांना इथे कॉट मिळे. रोज संध्याकाळी सहाला कामावरून यायचे, फुंकायचे, शून्य दाखवायचे आणि मगच आत जायचे. भोंगा वाजला की कॉट गेली, कॉट गेली की अट मोडली, आणि अट मोडली की उरलेली शिक्षा भोगायला पुन्हा तुरुंगात. शिंप्याचे चौदा महिने उरले होते.

"शून्य पूर्णांक शून्य सहा," अधीक्षकांनी वाचले आणि अट मोडल्याचा गुलाबी फॉर्म पुढे ओढला. "काय हे काका? या वयात?"

शिंपी मागे वळला आणि त्याने आपल्या खोलीतल्या वायरमनला हळूच विचारले, "मी कुठे काही प्यायलो का रे? तू होतास ना बरोबर?"

वायरमनचे डोके सटकले ते या प्रश्नाने. दोघे एकाच इस्पितळात कामाला होते. शिंपी चादरी शिवायचा, वायरमन जुनी वायरिंग बदलायचा. दुपारचा डबा एकत्र, परतीची चाळीस मिनिटांची पायपीट एकत्र. चारशे बारा दिवस कोरडा राहिलेला माणूस स्वतःच्या जिभेपेक्षा त्या डबीवर विश्वास ठेवून उभा होता.

"साहेब, काकांनी चहाशिवाय काही घेतलेलं नाही. मी सोबत होतो."

"तू मध्ये पडू नकोस. तुझी वेळ आली की फुंक."

वायरमन टेबलाकडे बघत राहिला. मीटरने भलतेच काही दाखवले, तर तो आधी मीटर तपासायचा. मग काल आणि आज यांत काय बदलले ते बघायचा. कालपर्यंत यंत्र अधीक्षकांच्या हातात असे. आज टेबलावर सॅनिटायझरची बाटली होती. निवासात दोघांना ताप आला, म्हणून वरून आदेश आला होता: आधी हातांवर सॅनिटायझर, मग यंत्र ज्याने त्याने स्वतः धरायचे. शिंपी रांगेत पहिला होता. ओल्या हातांची ओंजळ करून, यंत्र तोंडाशी धरून त्याने फुंकले होते. बाटलीवर ठळक छापले होते: अल्कोहोल सत्तर टक्के.

"साहेब, माझे हात ग्रीसने माखलेत. साबणाने धुऊन आलो तर चालेल?"

"लवकर ये."

नळावर कोपरापर्यंत हात घासून तो आला. यंत्र धरले, फुंकले. शून्य.

"जा आत."

वायरमन गेला नाही. त्याने बाटली उचलली, दोन्ही तळव्यांवर भरपूर ओतली, यंत्र पुन्हा उचलले.

"अरे ए! काय चाललंय?"

"एक मिनिट, साहेब."

त्याची स्वतःची दोन वर्षे उरली होती. त्याने फुंकर मारली. भोंगा शिंप्याच्या वेळेपेक्षा मोठ्याने वाजला.

"आता सांगा," वायरमन म्हणाला. "एका मिनिटापूर्वी शून्य होतं. तुमच्या डोळ्यांदेखत मी काय प्यायलो? दारू काकांच्या पोटात नाही, बाटलीत आहे. तुम्हीच हातावर ओतलीत. काकांना साबणाने हात धुऊ द्या आणि परत फुंकू द्या. एवढंच मागतोय."

अधीक्षकांनी यंत्राचा आकडा पाहिला. मग बाटली पाहिली. त्यांना कळले. कळल्याचे वायरमनला त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसले, आणि त्यानेच त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"दुसऱ्या फुंकरीची तरतूद नाही," अधीक्षक म्हणाले. "वाजलं तर लिहायचं. का वाजलं, याला फॉर्मवर रकाना नाही."

"मग माझी दुसरी फुंकर कशी मोजणार?"

"तू फुंकलंस, वाजलं. सगळ्यांनी ऐकलंय."

"आणि पहिलं शून्य?"

अधीक्षकांनी दुसरा गुलाबी फॉर्म काढला. "पूर्ण नाव सांग," ते म्हणाले. पाच महिने ते रोज त्याला नावाने हाक मारत होते.

"तुझ्या डोक्यात काय भुसा भरलाय का रे?" शिंप्याने त्याचा दंड धरला. "माझ्यापायी तूही? माफी माग साहेबांची. माग आधी."

"तुम्ही प्यायला नाहीत, काका. एवढं एकदा तोंडाने म्हणा."

शिंप्याचे ओठ हलले.

"मोठ्याने."

"मी प्यायलो नाही," शिंपी म्हणाला. मग अधीक्षकांकडे बघून ओरडलाच, "मी प्यायलो नाही!"

अधीक्षकांनी मान वर केली नाही. दोन्ही फॉर्मवर सह्या केल्या, शिक्के मारले. मग बाटली उचलून पुढे धरली.

"पुढचा."

पुढे ट्रक ड्रायव्हर होता. आडदांड, कोणाच्या अध्यात ना मध्यात, बायकोच्या पत्राशिवाय कशाबद्दल न बोलणारा. त्याने बाटलीकडे पाहिले आणि दोन्ही हात पाठीमागे नेले. त्याच्या मागच्या सुतारानेही नेले. मग त्याच्या मागच्याने.

"हात पुढे करा," अधीक्षक म्हणाले.

रांग हलली नाही. तिरप्या धरलेल्या बाटलीतून थेंब थेंब टेबलावर पडत होते. नऊ माणसे हात पाठीशी बांधून उभी होती, थेट अधीक्षकांकडे बघत.