गोबाईंचा थर्मास

"अंकलना गरम गरम द्या. रेडिएशनने घसा कोरडा पडतो."

शेजारच्या चिनी गोबाईंनी थर्मास पुढे केला. सरोजिनीने तो घेतला, पण हसली नाही. गोबाई विधवा होत्या. त्यांच्या नवऱ्याचं चिनी औषधांचं दुकान होतं, हे क्वीन्सटाउनच्या त्या ब्लॉकमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं.

"गोबाई आल्या का? आणा, आणा!" आतून तिच्या नवऱ्याचा, मनोहरचा घोगरा आवाज आला.

त्याच्या घशातल्या गाठीचं कळल्यापासून सरोजिनीने गॅस पेटवला नव्हता. हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यांवरून जेवणाची पार्सलं यायची आणि तशीच पडून राहायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, वजन असंच उतरलं तर नाकातून नळी घालावी लागेल. तरी मनोहर कशाला हात लावत नव्हता. हा थर्मास मात्र त्याने रिकामा केला.

"काय गुण आहे गं त्या बाईच्या हाताला!"

"आणि माझ्या हाताला?"

"तू कुठे काय केलंस?"

सरोजिनी रात्रभर तळमळली. आगबोटीवर इंजिनियर असताना परक्या बंदरांतून तो तिच्या हातच्या जेवणाची आठवण काढायचा. आता दाराशी आलेलं चिनी पाणी गोड लागत होतं!

दुसऱ्या दिवशी थर्मास आला तेव्हा तिची नाचणीची पेज तयार होती. दूध घालून, फडक्यातून गाळलेली. थर्मासमधलं तपकिरी पाणी तिने न हुंगताच बेसिनमध्ये ओतलं आणि पेज भरली. रेडिएशनने त्याच्या जिभेची चव गेली होती. त्याला काय कळणार?

मनोहरने शेवटचा थेंबही सोडला नाही.

"आज तर गोबाईंनी कमालच केली."

सरोजिनीने ओठ दाबून धरले. मग रोज तेच सुरू झालं. कधी मुगाचं कढण, कधी दुधीचं सूप. कष्ट हिचे, कौतुक तिचं. खरं सांगायची चोरी. सांगितलं आणि त्याने खाणंच सोडलं तर?

वजन उतरायचं थांबलं. मग थोडं वाढलंही. नळीचा विषय मागे पडला. हॉस्पिटलातल्या काट्यावरून उतरत मनोहर म्हणाला, "गोबाईंचे आभार मानायला हवेत."

त्या संध्याकाळी धुतलेला थर्मास घेऊन सरोजिनी शेजारच्या दारात उभी राहिली.

"उद्यापासून औषध नको. माझ्या नवऱ्याला काय द्यायचं ते मी बघेन."

गोबाई बघतच राहिल्या. मग हसून आपल्या चिनी लकबीत म्हणाल्या,

"कसलं औषध, ला? रेडिएशन चालू असताना जडीबुटी नको, असं डॉक्टरांनी अंकलना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी नुसता फिका कोरा चहा भरायचे."

"मग रोज आणायचात कशाला?"

"अंकलनीच सांगितलं होतं," गोबाई म्हणाल्या. "म्हणाले, बायको भिंतीकडे तोंड करून पडून असते. मी दुसरीच्या हातचं पितोय असं दिसलं, तर उठेल."